प्रसाधनाच्या डबीवरील नाव : सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारी कोणाची?

केरळ राज्याच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील एका रुग्णालयात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आढळून आले. रक्त गाळणारा मूत्रपिंडातील पडदा जाड होणे, लघवीवाटे प्रथिने वाहून जाणे आणि अंगावर सूज येणे असे या विकाराचे स्वरूप असते. त्या २२ पैकी १५ रुग्णांमध्ये आढळलेला प्रकार एरवी विरळा. तज्ज्ञांनी अधिक चौकशी केली तेव्हा या १५ जणांपैकी १३ जण चेहरा उजळविणारी क्रीमे वापरीत असल्याचे निष्पन्न झाले. हे निष्कर्ष मूत्रपिंडशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. महाराष्ट्रातही अकोला येथील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना अशाच क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला होता व त्याचा उलगडा मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला.

दोन्ही ठिकाणी संशयाचा रोख पाऱ्यावर होता. त्वचेला वर्ण देणारे द्रव्य शरीरात तयार होण्याच्या क्रियेत पाऱ्याची संयुगे अडथळा आणतात. त्यामुळे काही दिवसांतच चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि क्रीमची ख्याती तोंडोतोंडी पसरते. परंतु तोच पारा त्वचेतून रक्तात व रक्तातून मूत्रपिंडात पोचतो. क्रीम न लावणाऱ्या घरातील लहान मुलांनाही त्याच्या वाफेचा व स्पर्शाचा उपद्रव होऊ शकतो.

अशा वेळी नुकसान झालेल्या व्यक्तीने जाब कोणाला विचारावयाचा? डबीवर झगझगीत छपाई असते, परदेशी लिपीतील मजकूर असतो, क्वचित सोनेरी मुद्राही असते. मात्र वस्तू कोणी, कोठे व कोणत्या परवान्यान्वये बनविली ही माहितीच अनेकदा नसते. प्रसाधनांच्या सुरक्षिततेची सारी कायदेशीर व्यवस्था या एका माहितीवर उभी आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

ही माहिती उपलब्ध असली म्हणजे काय घडते, याचे एक दुःखद परंतु बोधप्रद उदाहरण फ्रान्समध्ये १९७२ साली घडले. ‘टाल्क मोरांज’ या नावाच्या लहान मुलांच्या पावडरीत हेक्झाक्लोरोफिन हे जंतुनाशक चुकीने सहा टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. ३६ बालके दगावली. पावडरीच्या डब्यापासून ती जेथे तयार झाली त्या कारखान्यापर्यंत तपास पोहोचला, संबंधितांवर खटला चालला आणि १९८० मध्ये न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. तत्पूर्वीच, १९७५ मध्ये, फ्रान्सने प्रसाधनांसाठी स्वतंत्र कायदा केला व पुढील वर्षी युरोपीय समुदायाने सर्व सदस्य राष्ट्रांसाठी समान निर्देश काढला. गेलेली बालके परत आली नाहीत. तथापि दोष कोठे घडला व तो कोणाचा, हे ठरविता आले. नाव नसलेल्या डबीच्या बाबतीत एवढेही शक्य होत नाही.

प्रसाधन म्हणजे काय?

आपल्या देशात १९४० चा मूळ कायदा केवळ औषधांपुरता होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात प्रसाधनांचा समावेश करण्यात आला आणि त्याचे नाव ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम’ असे झाले. शरीराची स्वच्छता करणे, सौंदर्य वाढविणे, आकर्षकता आणणे अथवा रूपात बदल घडविणे या हेतूने अंगावर चोळावयाची, ओतावयाची, शिंपडावयाची, फवारावयाची किंवा अन्य रीतीने लावावयाची कोणतीही वस्तू म्हणजे प्रसाधन, अशी त्यात व्याख्या आहे. आरंभी साबण या व्याख्येबाहेर होता. १९८२ च्या दुरुस्तीने तो अपवाद काढून टाकण्यात आला.

या व्याख्येत वस्तूची किंमत, कारखान्याचा आकार किंवा विक्रीचे ठिकाण यांचा उल्लेख नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शहरातील मोठ्या दुकानातील लिपस्टिक जशी प्रसाधन, तशीच जत्रेतील पालावर मिळणारी काजळाची डबीही प्रसाधनच. कुंकवाचे उदाहरण घेता येईल. हळदीपासून परंपरेने तयार होणारे कुंकू व शेंदूर यांत पुष्कळदा गल्लत केली जाते. जुन्या पद्धतीचा शेंदूर हा शिशाचा प्राणिद म्हणजे ऑक्साइड असतो, आणि प्रसाधनाला रंग आणण्यासाठी शिशाची वा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास कायद्याने मनाई आहे. देवाच्या मूर्तीस लावावयाचा शेंदूर या व्याख्येत येत नाही. परंतु तोच पदार्थ कपाळी किंवा भांगात लावण्यासाठी म्हणून पुडीत भरून विकला की तो कायद्याच्या कक्षेत येतो.

महिला बचत गटांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. दिवाळीच्या सुमारास उटणे, सुगंधी साबण, केसांना लावावयाचे तेल आदी वस्तू तयार करून विकण्याचा उद्योग अनेक गट करतात व तो स्वागतार्ह आहे. स्वतःच्या घरासाठी उटणे कुटणाऱ्या गृहिणीस परवाना लागत नाही. परंतु विक्रीसाठी प्रसाधन तयार करावयाचे तर परवाना आवश्यक ठरतो आणि उत्पादन थोडे आहे एवढ्या कारणाने त्यातून सूट मिळत नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा उद्योगाची नोंदणी हा या परवान्याला पर्याय नव्हे. गटांना प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही बाब पहिल्याच बैठकीत स्पष्ट करणे इष्ट होय; माल तयार झाल्यावर ती कळणे गटाला परवडत नाही.

पहिली जबाबदारी उत्पादकाची

प्रसाधनांसंबंधीचे तपशीलवार नियम पूर्वी औषधांच्या १९४५ च्या नियमांतच समाविष्ट होते. १५ डिसेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने ‘सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०’ हे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. उत्पादनाचा परवाना राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. परदेशी मालासाठी केंद्रीय प्राधिकाऱ्याकडे आयात नोंदणी करावी लागते. परवानाधारकाने योग्य जागा, यंत्रसामग्री व पात्रताधारक तांत्रिक कर्मचारी ठेवावयाचा असतो. कच्चा माल व तयार माल यांची बॅचनिहाय तपासणी करून तिच्या नोंदी जतन करावयाच्या असतात.

वेष्टनावरील मजकूर हा या साखळीचा दृश्य भाग. त्यावर प्रसाधनाचे नाव, उत्पादकाचे नाव, ज्या जागी माल प्रत्यक्ष तयार झाला तेथील संपूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, निव्वळ वजन वा माप, वापरण्याची अंतिम मुदत आणि घटकद्रव्यांची यादी असावी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेली घटकद्रव्ये प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावयाची असतात. आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक व प्रमाणपत्रधारकाचे नाव-पत्ता आवश्यक असतो. हल्ली पुष्कळ नामांकित माल एका कंपनीच्या नावाने विकला जातो आणि दुसऱ्याच कारखान्यात तयार होतो. म्हणूनच विक्री करणाऱ्या कंपनीचे मोठ्या अक्षरांतील नाव वाचून थांबू नये; उत्पादनस्थळाचा पत्ता बारीक अक्षरांत का होईना पण आहे की नाही, हे पाहावयास हवे.

कंपनी ही कायद्याने व्यक्ती असली तरी तिला तुरुंगात धाडता येत नाही. यास्तव अधिनियमाच्या कलम ३४ अन्वये, अपराध घडला त्या वेळी कंपनीच्या कारभाराचा प्रभारी व त्याबद्दल उत्तरदायी असलेला प्रत्येक इसम कंपनीबरोबरच दोषी मानला जातो. अपराध आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व योग्य दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. संचालकाच्या संमतीने वा हयगयीने अपराध घडल्याचे शाबीत झाल्यास तोही सुटत नाही.

पाऱ्यासंबंधीची मर्यादा अत्यंत कडक आहे. डोळ्यांभोवती लावावयाच्या प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारा दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा आणि इतर तयार प्रसाधनांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. एक किलो क्रीममध्ये एक मिलिग्रॅम, असे हे प्रमाण होय. जगात ठिकठिकाणी तपासल्या गेलेल्या बेकायदा क्रीमांत याच्या हजारो पट पारा आढळलेला आहे. तो अनवधानाने आलेला नसतो, हे सांगणे नलगे. जपानमधील मिनामाता या गावाच्या नावाने २०१३ साली झालेल्या पाराविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारत सहभागी आहे. पारा मिसळलेल्या सर्व प्रसाधनांचे उत्पादन व व्यापार २०२५ पर्यंत थांबवावा, असे त्या करारातील राष्ट्रांनी २०२३ मध्ये ठरविले.

उत्पादकाचे कर्तव्य केवळ घातक द्रव्य टाळण्याने संपत नाही. काही द्रव्ये अनुज्ञेय असूनही सर्वांना सोसत नाहीत, आणि तेथे योग्य सूचना देणे हाच सुरक्षिततेचा भाग ठरतो. केसांच्या कलपातील पॅरा-फिनिलीन-डायअमिन हे असे एक द्रव्य. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्यांचा रंग वापरल्यामुळे काही स्त्रियांची दृष्टी गेली आणि एकीचा मृत्यू ओढवला. १९३८ मध्ये त्या देशाने प्रसाधनांना कायद्याच्या कक्षेत आणले, त्यामागे जे अनुभव होते त्यांपैकी हा एक होता. अशा रंगद्रव्यांमुळे त्वचेचा दाह होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी आणि भुवया वा पापण्या रंगविण्यासाठी कलप वापरू नये, त्याने अंधत्व येऊ शकते, असा इशारा आपल्याकडे वेष्टनावर इंग्रजीत व स्थानिक भाषांत छापणे सक्तीचे आहे. चाचणीची रीतही सोबत द्यावी लागते. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडा कलप लावून तो वाळू द्यावयाचा, चोवीस तासांनी धुवावयाचा व दाह झाला नसल्यासच तो वापरावयाचा; आणि हे दर वेळी करावयाचे. खेड्यातील केशकर्तनालयात एका पुडीतून अनेकांचे केस रंगविले जातात व रिकामी पुडी टाकून दिली जाते. मराठीत छापलेला तो इशारा ग्राहकाच्या दृष्टीस पडतच नाही.

विक्रेता : परवाना नाही, तरी उत्तरदायी

औषधे विकण्यास परवाना लागतो, हे सर्वांस ठाऊक असते. प्रसाधनांच्या किरकोळ विक्रीसाठी मात्र तसा परवाना लागत नाही. त्यामुळेच किराणा दुकान, बांगड्यांचे दुकान, आठवडे बाजारातील पथारी येथे ती सहज उपलब्ध होतात. यावरून विक्रेत्यावर काहीच बंधन नाही असा समज पसरला आहे, तो चुकीचा होय. परवानाधारक उत्पादकाने तयार केलेला व नियमांप्रमाणे वेष्टनावर मजकूर असलेला मालच त्याने विकावयाचा असतो.

माल कोणाकडून घेतला त्याचे नाव व पत्ता, निरीक्षकाने विचारल्यास, सांगणे विक्रेत्यावर कलम १८-क अन्वये बंधनकारक आहे. न सांगणे हा स्वतंत्र अपराध आहे. ‘मालात काय होते ते मला ठाऊक नव्हते’ हा बचाव सामान्यतः चालत नाही. तथापि प्रामाणिक दुकानदाराला कायद्याने वाऱ्यावर सोडलेले नाही. परवानाधारक उत्पादक वा रीतसर वितरक, व्यापारी यांच्याकडून माल घेतला, वाजवी दक्षता घेऊनही त्यातील दोष कळणे शक्य नव्हते आणि माल योग्य रीतीने साठवून जसाच्या तसा ठेवला होता, या तिन्ही गोष्टी सिद्ध केल्यास त्याला संरक्षण मिळते. त्या सिद्ध करावयाच्या तर खरेदीचे बिल हवे. मोटारसायकलवरून येणाऱ्या फिरत्या विक्रेत्याकडून बिलाविना स्वस्त क्रीमचा खोका घेणारा दुकानदार चार पैसे वाचवितो खरा, पण आपला एकमेव बचाव गमावून बसतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने हा विचार आणखी पुढे नेला आहे. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल भरपाई मागण्याचा हक्क ग्राहकाला त्याने दिला असून उत्पादकाची ओळखच पटत नसेल, किंवा पटूनही त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यालाच जबाबदार धरण्याची तरतूद त्यात आहे. नाव नसलेल्या डबीवर कायदा, एका अर्थी, विक्रेत्याचे नाव लिहितो.

त्वचेचे विकार बरे करणारी स्टेरॉइडयुक्त मलमे ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून खपविण्याचा प्रकार याहून निराळा. ती प्रसाधने नसून औषधे होत. २०१८ पासून अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे.

तपासणी वेळेवर हवी

प्रशासनाच्या जबाबदारीची बाजूही येथे मांडणे अगत्याचे आहे. औषध निरीक्षकास जागेची झडती घेण्याचा, नमुने घेण्याचा व माल अडकवून ठेवण्याचा अधिकार आहे. दुकानातून नमुना घेताना त्याचे चार भाग करून ते मोहोरबंद केले जातात : एक विक्रेत्यास, एक शासकीय विश्लेषकास, एक न्यायालयासाठी आणि एक विक्रेत्याने ज्याचे नाव सांगितले त्या पुरवठादारास वा उत्पादकास. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसल्यास २८ दिवसांच्या आत तसे कळवावे लागते, आणि न्यायालयाने नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठविल्यास तिचा अहवाल निर्णायक ठरतो. भेसळयुक्त किंवा बनावट प्रसाधनासाठी २००८ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कारावास व किमान ५० हजार रुपये अथवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी अधिक असेल त्या रकमेचा दंड ठरविला.

हे अधिकार वेळेत व प्रमाणात वापरले नाहीत तर काय होते, ते मुलुंड येथील बालकांच्या पावडरीच्या प्रकरणात दिसून आले. पुणे व नाशिक येथे २०१८ मध्ये घेतलेल्या नमुन्यांपैकी एकाचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दर्शविणारा अंक, मानकापेक्षा अधिक असल्याचा अहवाल आला. उत्पादन परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाने ताजे नमुने तपासण्यास सांगितले, ते मानकांनुसार असल्याचे आढळले, आणि ११ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्द ठरविले. मधल्या दिरंगाईवर न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवले. पावडर खरोखरच घातक असती तर चार वर्षे ती बालकांच्या अंगाला लागत राहिली असती. नसेल तर एका नमुन्यावरून एवढी कठोर कारवाई टिकणारी नव्हती. दोन्ही दृष्टींनी विलंब हाच दोष होता.

गावपातळीवर

ग्रामपंचायतीला या अधिनियमाखाली झडतीचे अधिकार नाहीत. सदस्यांनी दुकानदाराचा माल स्वतः जप्त करू नये. त्याने पुरावाही बिघडतो. मात्र आठवडे बाजार व यात्रा यांतील जागेची फी पंचायत वसूल करते, आणि त्या पावतीवर पथारीवाल्याचे नाव, गाव व मालाचा प्रकार नोंदविला गेला तर तीच पुढे तपासाची पहिली कडी ठरू शकते. यात्रा संपते, पाल उठते; फी-पावतीचे स्थळपुस्तक तेवढे मागे उरते. अनेक ठिकाणी त्यात केवळ रक्कम लिहिलेली आढळते.

शिक्षकांचा या विषयाशी संबंध स्नेहसंमेलनाच्या दिवसांत हमखास येतो. मुलांच्या चेहऱ्यांना लावावयाचे रंग बाजारातून सुटे आणले जातात व एकाच डबीतून वर्गातील सर्वांना लावले जातात. निदान परवाना क्रमांक व अंतिम मुदत असलेला माल घ्यावा आणि त्याची पावती शाळेच्या खर्चाच्या फायलीत लावावी. विज्ञानाच्या तासाला घरातील एखाद्या डबीवरील घटकद्रव्यांची यादी मोठ्याने वाचून दाखविता येईल. ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरस क्लोराइड’, ‘अमोनिएटेड मर्क्युरी’ ही पाऱ्याचीच नावे आहेत. क्रीमचा स्पर्श सोन्याचांदीच्या दागिन्यांना होऊ देऊ नये, अशी सूचना डबीवर असल्यास तीही पाऱ्याची खूण समजावी.

प्रत्यक्ष त्रास झाला तर पुष्कळ जण डबी रागाने फेकून देतात. ती उरलेल्या क्रीमसह, वेष्टन व बिल यांसह जपून ठेवावी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावी. अधिनियमाच्या कलम २६ अन्वये कोणाही व्यक्तीला किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला, विहित फी भरून, खरेदी केलेल्या प्रसाधनाचे शासकीय विश्लेषकाकडून पृथक्करण करून घेता येते व त्याचा सही केलेला अहवाल मिळतो. लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे करावी. तीत दुकानाचे नाव, खरेदीची तारीख, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक द्यावा. डबीवर हे क्रमांक नसतील तर ते नाहीत, असे तक्रारीत स्पष्ट नमूद करावे. अशा मजकुराविना प्रसाधन विकणे हाच कायद्याचा भंग असल्यामुळे, पृथक्करणाच्या अहवालाची वाट न पाहता निरीक्षकाला तेवढ्यावरूनही चौकशी सुरू करता येते.